मिश्र फिशटँक: कोणते मासे एकत्र नांदतील, हे कसं ठरवायचं

दुकानातल्या एकाच टँकमध्ये एंजल, टायगर बार्ब, गप्पी आणि पुढे हातभर वाढणारा सकर गुण्यागोविंदाने फिरताना दिसतात. घरीही ते तसेच राहतील, असं वाटणं साहजिक आहे. पण दुकानातले मासे पिल्लाच्या वयाचे असतात, दाटीवाटीत असतात आणि चार-आठ दिवसांत विकले जातात. हद्द आखायला, जोडी जमवायला किंवा शेजाऱ्याला गिळण्याएवढं वाढायला त्यांना वेळच मिळत नाही. ते सगळं घरी होतं, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात.

'कोण कोणासोबत चालतो' हे सांगणारे तक्ते सगळीकडे मिळतात. त्यांचा उपयोग ढोबळ चाळणीपुरताच. तक्त्याला दोन जातींची नावं कळतात, तुमचा टँक केवढा, पाणी कसं, नर किती, हे कळत नाही. 200 लिटरमध्ये एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारे दोन मासे 50 लिटरमध्ये एकमेकांच्या जिवावर उठतात. म्हणून सुरुवात माशांपासून करू नका. आधी टँक आणि पाणी, मग एक मुख्य मासा, मग त्याला साजेसे शेजारी, या क्रमाने जा.

1. टँक मोजा

लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000ने भागा. 60×30×30चा टँक 54 लिटरचा, 90×45×45चा 182 लिटरचा. हे झालं कागदावर. 90च्या टँकमध्ये 5 सेंमी वाळू घातली की 20 लिटर गेले, वरची 4 सेंमी जागा मोकळी सोडली की आणखी 16. दगड-लाकूड धरून हातात उरतं 140 लिटरच्या आसपास. औषधाचं प्रमाणही याच आकड्यावर काढायचं असतं, म्हणून तो टँकच्या बाजूला चिकटवून ठेवा.

पोहणाऱ्या माशांना लांबी हवी, तळाशी राहणाऱ्यांना तळाचं क्षेत्रफळ हवं. उंच आणि अरुंद टँक दिसायला छान, पण त्यात लिटर जास्त असले तरी मासे कमीच बसतात. आणि 'एका लिटरला एक सेंमी मासा' हा हिशोब 5 सेंमीपर्यंतच्या सडपातळ माशांपुरताच धरा. 3 सेंमीचे दहा निऑन आणि 30 सेंमीचा एक ऑस्कर यांची लांबी सारखीच भरते. पण लांबी दहापट झाली की वजन हजारपटीच्या घरात जातं, म्हणजे तो एक ऑस्कर दहा निऑनच्या मिळून शंभरेक पट भारी. घाणही तो त्याच मापाने करतो.

2. पाणी तपासा, मग माशांची यादी करा

बहुतेक नवखे स्वभावावरून मासे निवडतात आणि पाण्याकडे शेवटी वळतात. हा क्रम उलटा आहे. मारामारी दिसते तरी. चुकीच्या पाण्यातला मासा मात्र काही न सांगता सहा महिन्यांत झिजत जातो आणि 'आयुष्यच तेवढं होतं' असं म्हणून विषय संपतो.

नळाचं किंवा बोअरचं पाणी बादलीत घ्या, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पीएच मोजा. ताज्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खोटा कमी दिसतो. मग जीएच म्हणजे एकूण कठीणपणा आणि केएच म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, हे दोन्ही थेंबवाल्या टेस्ट किटने बघा. टीडीएस पेनवरून कठीणपणा काढू नका. ते पेन पाण्यातले सगळेच क्षार एका आकड्यात दाखवतं, त्यात मीठही आलं.

ढोबळमानाने तीन गट पडतात (जीएचचे आकडे अंशांत, म्हणजे dGHमध्ये). जीएच 10च्या वर आणि पीएच 7.2 ते 8.2 असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वॉर्डटेल खुशीत राहतात. जीएच 3 ते 10 आणि पीएच 6 ते 7.4 असेल तर टेट्रा, रासबोरा, बहुतेक कोरी (तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे) आणि बहुतेक गुरामी. पीएच 7.8च्या वर आणि पाणी चांगलंच कठीण असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड (एंजल, ऑस्कर यांच्याच घराण्यातले), पण त्यांचा टँक त्यांच्यापुरताच ठेवावा. मॉली आणि निऑन सगळीकडे एकत्र विकले जातात खरे. त्यांना एकाच पाण्यात ठेवलं की दोघांपैकी एकाची आबाळ ठरलेली.

पाणी कठीण निघालं म्हणून निव्वळ आरओच्या पाण्यावर टँक चालवू नका. त्यात केएच जवळपास शून्य असतो, त्यामुळे पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एका आठवड्यात घसरू शकतो. आरओ आणि साधं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळा, किंवा त्याहून सोपं म्हणजे आहे त्या पाण्याचे मासे घ्या. पहिल्या टँकसाठी दुसराच पर्याय बरा. नळाच्या पाण्याचं क्लोरीन मात्र प्रत्येक वेळी काढावंच लागतं.

तापमानाचं गणित कागदावर मांडा. प्रत्येक जातीसमोर किमान आणि कमाल अंश लिहा. सगळ्यांच्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तेवढाच तुमचा वावर. निऑन टेट्रा 21 ते 26, गप्पी 23 ते 28, झेब्रा डॅनियो 18 ते 25, पांडा कोरी 20 ते 25, एंजल 24 ते 28, जर्मन ब्लू रॅम 27 ते 30, डिस्कस 28 ते 30, गोल्डफिश 18 ते 22. रॅम आणि पांडा कोरी यांच्या पट्ट्या एकमेकींना शिवतही नाहीत, हे लिहिल्याबरोबर दिसतं. उबदार टँकमध्ये कोरी हवाच असेल तर स्टर्बाई जातीचा घ्या, तो 28पर्यंत निभावतो, आणि निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्या. दोन पट्ट्यांच्या टोकावर टँक चालवण्यात शहाणपण नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात.

गोल्डफिशचा प्रश्न इथेच निकालात निघतो. त्याला गार पाणी लागतं, तो घाण भरपूर करतो आणि तोंडात मावेल ते खातो. त्याच्यासोबत गोल्डफिशच ठेवा. त्यातही लांबट अंगाचे कॉमेट आणि गोलमटोल फँटेल वेगळे ठेवा, कारण फँटेल पोचेपर्यंत कॉमेटने खाणं संपवलेलं असतं.

3. मुख्य मासा ठरवा आणि त्याची पूर्ण वाढ बघा

टँकमध्ये नजर ज्याच्यावर जावी असा एक मासा किंवा एक झुंड निवडा. बाकीचे त्याच्या मापाने घ्या. दुकानात दिसणारं माप विसरा, पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणा. 'टँक साफ करतो' म्हणून 5 सेंमीचा विकला जाणारा साधा सकर 30 सेंमीच्या पुढे जातो. बाला शार्क 30 सेंमीच्या वर जातो. क्लाउन लोच 25 ते 30 होतो. 'शार्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंगासियसची वाढ मीटरच्या पुढे जाते, तो घरगुती टँकचा मासाच नव्हे. शेवाळं खाणारा हवा असेल तर 12 सेंमीच्या आत राहणारा ब्रिसलनोज घ्या.

दुसरं माप तोंडाचं. साधा नियम असा: ज्याचं अंग दुसऱ्याच्या उघड्या तोंडात मावतं, तो आज ना उद्या तिथे जाणार. यात स्वभावाचा संबंध नाही. एंजल शांत मासा म्हणून ओळखला जातो, पण त्याचं अंग 15 सेंमी झालं की 3 सेंमीचा निऑन त्याच्यासाठी खाणं ठरतो. बहुतेकदा हे रात्री घडतं आणि सकाळी नऊ निऑनचे सहा भरतात. एंजलसोबत 6 सेंमीच्या आसपासचे, भरल्या अंगाचे डायमंड टेट्रा किंवा थोडे मोठे काँगो टेट्रा चांगले. उलट, गिळणाऱ्याचंही हाल होऊ शकतं. कोरीच्या परांचे काटे धोक्याच्या वेळी ताठ उभे राहून अडकतात. मोठ्या सिक्लिडने तो गिळला तर काटा घशात रुततो आणि दोघंही जातात.

4. स्वभाव ओळखा

'आक्रमक' हा एकच शब्द सगळ्यांना लावला की पुढचा उपाय चुकतो. त्रास देण्याचे प्रकार वेगळे असतात.

काही मासे पर कुरतडतात. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि बऱ्याचदा विडो टेट्राही त्यातलेच. सावकाश हलणारा लांब पर दिसला की यांना राहवत नाही. जवळून बघा: एक बार्ब मागून येतो, एंजलच्या लोंबत्या परांना टोचून लगेच वळतो, त्याच्या मागोमाग दुसरा, मग तिसरा. एंजल पर आवळून हीटरमागे उभा राहतो. दोन दिवसांत परांच्या कडा फाटतात, चार दिवसांत त्या कडांवर पांढरट कुज दिसू लागते. टायगर बार्ब तीन-चारच असतील तर हे हमखास होतं. दहा-बारा असले की त्यांची बरीचशी खोड आपसातच जिरते. तरीही एंजल, फायटर, गप्पी, गुरामी यांच्याजवळ त्यांना नेऊ नये.

काही आपल्यासारखा दिसणारा सहन करत नाहीत. फायटरचे दोन नर एकत्र ठेवायचे नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रंगीत मोठ्या शेपटीचा नर गप्पीसुद्धा फायटरला दुसरा फायटर वाटतो. गुरामी आणि फायटर यांचंही जमत नाही, कारण दोघं एकाच घराण्यातले आणि दोघांनाही वरचाच थर हवा. रेडटेल ब्लॅक शार्क आणि रेनबो शार्क यांच्यापैकी मिळून एकच ठेवा, तोही 120 सेंमीच्या टँकमध्ये. त्याच बांध्याचा दुसरा मासा त्यांना खपत नाही.

काही फक्त विणीच्या वेळी बिघडतात, आणि तेच सर्वांत फसवे. एंजलची जोडी जमून अंडी घातली गेली, की 90 सेंमीच्या टँकमधला अर्धा भाग त्यांचा होतो आणि बाकी सगळे उरलेल्या कोपऱ्यात दाटतात. क्रिबेन्सिस आणि कन्व्हिक्ट या सिक्लिडांचंही तेच. रॅम आणि कोरीच्या जोडगोळीत वेगळीच गोची आहे. रॅम तळावरची जागा राखतो. कोरीला हद्दीची इशारेबाजी कळतच नाही, तो मातीत मिशा खुपसत पुन्हा पुन्हा तिथेच येतो आणि दर खेपेला मार खातो, बऱ्याचदा डोळ्यावर.

आणि काही वयानुसार बदलतात. 'अल्गी ईटर' नावाने विकला जाणारा, बहुधा सोनेरी रंगाचा, चिनी अल्गी ईटर लहानपणी काच साफ करतो. मोठेपणी तो शेवाळं सोडून पसरट अंगाच्या माशांना चिकटतो आणि त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. याची शिफारस कुणालाही करू नये. भुकेला राहिला तर साधा सकरही डिस्कस आणि एंजलवर हाच प्रयोग करतो.

फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर मिश्र टँकच्या हिशोबात धरूच नका.

5. संख्या आणि नर-मादीचं प्रमाण

झुंडीचे मासे सहाच्या खाली घेऊ नयेत, आठ-दहा असले तर उत्तम. निऑन, रासबोरा, डॅनियो, कोरी, कूली लोच सगळे यात आले. झुंड कमी पडली की लाजरे मासे झुडपातून बाहेरच येत नाहीत आणि धीट मासे परक्यांच्या वाटेला जातात. नवख्यांना सगळ्यांत जास्त मोह होतो तो 'दोन हे, दोन ते, दोन आणखी ते' असा नमुना गोळा करण्याचा. बारा जातींचे दोन-दोन मासे ठेवण्याऐवजी तीन जातींचे आठ-आठ ठेवा. टँक दिसतोही जास्त भरलेला.

पिल्लं देणाऱ्या माशांत एका नरामागे किमान दोन, शक्यतो तीन माद्या हव्यात, नाहीतर नर मादीला विसावू देत नाहीत. मग दर महिन्याला पिल्लं होतात, हेही गणितात धरा. नुसत्या माद्या आणून हा प्रश्न सुटत नाही, कारण गप्पीची मादी नराचं बीज अनेक महिने साठवून ठेवते. पिल्लं नकोत तर आठ-दहा नर गप्पीच ठेवा. प्लॅटी आणि स्वॉर्डटेल एकत्र असतील तर संकर होऊ शकतो. ड्वार्फ गुरामीचे दोन नर 90 सेंमीच्या खालच्या टँकमध्ये नकोत.

6. थर, लपण आणि खाणं

वर, मध्ये आणि तळाशी राहणाऱ्यांचा मेळ घाला, हे खरं, पण थर वेगळे म्हणजे भांडण नाही असं नव्हे. चिडलेला मासा थर बघत नाही. हॅचेटफिश आणि डॅनियो उडी मारतात, झाकण हवंच. कोरीसाठी बारीक वाळू, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात.

खाण्यात मंद मासा उपाशी राहतो, आणि हे भांडणापेक्षा जास्त टँकमध्ये घडतं. डॅनियो दोन मिनिटांत वरचं सगळं फस्त करतात, हनी गुरामी मात्र एकेक दाणा न्याहाळत बसतो. फ्लेक एका टोकाला टाकून घाईच्या माशांना तिकडे गुंतवा, मग दुसऱ्या टोकाला मंद माशांचं टाका. कोरीच्या बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यावर. ओटोसिंक्लस नव्या टँकमध्ये सोडू नका. काचेवर शेवाळाचा थर धरायला काही महिने लागतात आणि तोवर तो उपाशी मरतो. चेरी कोळंबीची पिल्लं जवळपास कोणताही मासा खातो, ती वाढवायची असतील तर दाट मॉस लावा.

औषधाचाही विचार आत्ताच करा. तांब्याची औषधं कोळंबी आणि गोगलगायींना मारतात. लोचसारख्या नाजूक खवल्यांच्या माशांना बरीच औषधं पूर्ण मात्रेत सोसत नाहीत. एक आजारी पडला की उपचार टँकमधल्या सगळ्यांनाच होतो.

7. तीन नमुने

60×30×30, मऊ ते मध्यम पाणी, 25 अंश: 8 एम्बर टेट्रा, 6 पिग्मी कोरी, 1 हनी गुरामी. इथेच थांबा.

90×45×45, तेच पाणी, 25 अंश: 10 हार्लेक्विन रासबोरा, 8 ब्राँझ कोरी, 1 नर आणि 2 माद्या पर्ल गुरामी, 1 ब्रिसलनोज. पर्ल गुरामी 10-12 सेंमी होतो, पण रासबोराच्या वाटेला जात नाही. जागा उरलीशी वाटेल, ती तशीच असू द्या.

90×45×45, कठीण पाणी, 24 अंश: 2 नर आणि 5 माद्या प्लॅटी, 10 झेब्रा डॅनियो, 8 ब्राँझ कोरी. लांब पराचे गप्पी यात घालू नका, कधी कधी डॅनियोसुद्धा शेपट्या टोचतात.

8. कोणाला आधी सोडायचं

आधी टँक सायकल करा, म्हणजे घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. माशांशिवाय, अमोनियाचा पुरवठा देत, साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, म्हणजे तयार. कठीण पाण्यात इथे जास्त काळजी घ्या. 25 अंशांवर पीएच 7 असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच 8ला तो 5 टक्क्यांवर जातो. म्हणजे तोच आकडा दहापट महागात पडतो.

नवे मासे 3-4 आठवडे वेगळ्या 20-30 लिटरच्या टबात ठेवा, आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर आणि हीटर लावून. पांढरे ठिपके, परकुज, जंत, जे काही असेल ते तिथेच कळतं. हा टब पुढेही लागणार आहे, मोडू नका.

मग क्रम: सगळ्यांत शांत आणि काटक झुंड पहिली. 10-14 दिवस थांबा, अमोनिया व नायट्राइट शून्य आहेत हे बघा, मग दुसरी झुंड. हद्द राखणारा मासा सगळ्यांत शेवटी, कारण तो आधी आला तर संपूर्ण टँक स्वतःचा समजतो. एखादा आधीच मालक होऊन बसला असेल तर नवीन मासे सोडण्यापूर्वी दगड-लाकडांची जागा बदला. जुन्या खुणा गेल्या की त्यालाही नव्याने सुरुवात करावी लागते.

पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. दिवा बंद ठेवा.

9. पहिला आठवडा काय बघायचं

खाणं घालताना बघा. कोण पुढे येत नाही? कोण हीटरमागे, वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या आडोशाला उभा आहे? पर आवळलेले, रंग उतरलेला, शेपटीला खाच, खवला निघालेला, ही छळाची लक्षणं. कल्ले भरभर हलत असतील तर मात्र आधी पाणी तपासा. ते बहुतेकदा अमोनिया, नायट्राइट, कमी प्राणवायू किंवा कल्ल्यांचा आजार असतो आणि दोष उगीच शेजाऱ्यावर जातो. दिवा गेल्यावर अर्ध्या तासाने मंद उजेडात एकदा डोकावा. दर सकाळी मोजदाद करा.

एका-दोघांत किरकोळ पाठलाग होऊन थांबत असेल तर होऊ द्या. एकच मासा सतत पळवला जात असेल, तर छळणाऱ्याला बाहेर काढा, छळल्या जाणाऱ्याला नव्हे. दुबळा काढला की दांडगा दुसरा बळी शोधतो. छळणाऱ्याला आठवडाभर त्या टबात ठेवा, तेवढ्यात मुख्य टँकची मांडणी बदला आणि मग परत सोडा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर तो त्या टँकचा मासा नाही: दुकानात परत द्या किंवा त्याच्या मापाचा टँक असलेल्या कुणाला तरी द्या. नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. सकरने अनेक देशांतल्या पाण्यात असाच शिरकाव केला आहे, आणि काठांमध्ये बिळं करून अंडी घालत असल्याने तो एकदा रुजला की हटवता येत नाही.